सर्जेरावांच्या गाडीची दुसरी किल्ली

ते जाहिरातीचं कात्रण ठेव खिशात, रविराज. वाचलं मी. परदेशी गाडी, एकाच मालकानं वापरलेली, किंमत समक्ष बोलून. तुझे पैसे, तुझी हौस, मी कोण आडवा येणार? पण उद्या गाडी बघायला जाण्याआधी आमच्या सर्जेरावांच्या गाडीचं ऐकून जा. राम, दार लोटून घे, वारं येतंय. आणि कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या. मध्येच उठलात तर एकट्याला जावं लागेल.

सर्जेराव वडगाव निंबाळकरचे. शाळेत माझ्याच बाकावर बसायचे, म्हणून हक्कानं सांगतोय. घरचा ऊस, गोठ्यात दहा-बारा म्हशी, गावात मान. माणूस लाखात एक, पण स्वभाव भलता संशयी. डेअरीला जाणारं दूध घरी दोनदा मापणार. पाहुणा लवकर उठला तर का उठला, आणि उठला नाही तर का बसलाय. द्वारकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, एखाद्या दिवशी आमटी झकास केली तर विचारणार, "आज काय मागायचंय?"

शहाण्णव साली दसऱ्याच्या आधी ते इंदापूरला एक म्हैस बघायला गेले. बरोबर मुलगा रणजित. एकुलता एक, ताडमाड उंच पोरगा. सर्जेराव ठेंगणे, त्यामुळं बाप-लेक रस्त्यानं निघाले की गावाला गंमत वाटायची. म्हैस होती सरुबाई नावाच्या बाईंची. त्यांचे मालक रावजी आदल्या वर्षी वारले होते. मुंबईतला मालवाहतुकीचा धंदा गुंडाळला होता आणि बाई एकेक वस्तू विकायला काढत होत्या. म्हैस काही सर्जेरावांच्या मनाला आली नाही. पण गोठ्याच्या पलीकडं ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं, आणि झाकलंय म्हणजे लपवलंय असा सर्जेरावांचा हिशेब. त्यांनी जाऊन ताडपत्री उचलली.

खाली काळीभोर गाडी. बुटकी, रुंद, चार दारांची. आत कातड्याच्या गाद्या. गिअर आपोआप पडायचे, काचा बटणानं खालीवर व्हायच्या, चालवणाराची गादीसुद्धा बटणानं पुढं-मागं सरकायची. तशी गाडी तेव्हा बारामतीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असेल. आणि बाई मागत होत्या ते नव्या जीपच्या भावात. सर्जेरावांनी बॉनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, एकशे एक प्रश्न विचारले. "रावजी गेले कशानं?" हेही विचारलं. बाई म्हणाल्या, "दुखण्यानं. दवाखान्यात." एवढंच, आणि पदर सावरून आत गेल्या.

व्यवहार झाला. बाईंनी किल्ली आणून दिली. एकच. रणजितनं विचारलं, "दुसरी किल्ली कुठं हाय, काकू? अशा गाडीला दोन असत्यात."

काहीतरी सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तोवर सर्जेरावच मध्ये पडले. "असू दे की रे! जनावर इकलं तरी दावं कुणी देतंय का? त्यांच्या गोठ्याची बरकत त्यांच्याकडं ऱ्हाऊ दे. व्हय ना वहिनी?"

आता ही रीत तुम्हाला माहीत आहे. म्हैस विकताना आपण दावं सोडून घेतो, घेणारा आपलं नवं दावं आणतो. तिथं सर्जेरावांचा सगळा संशय चुलीत गेला. ज्यानं सुतळीचा तोडा कधी मोजल्याशिवाय घेतला नाही, तो माणूस गाडीची किल्ली दुसऱ्याच्या घरात ठेवून आला, आणि तेही खुशीत. बाईंनी मान हलवली. व्हयही म्हणाल्या नाहीत आणि न्हायही नाही.

म्हैस आणायला गेलेला माणूस गाडी घेऊन आला. दसऱ्याला चाकाखाली लिंबू दिलं, झेंडूचा हार घातला, गावात पेढे वाटले. ट्रॅक्टरवरचा बिरू गाडीचा ड्रायव्हर झाला. निरवांगीचा धनगराचा पोरगा, इमानी, हात हलका. महिनाभर सर्जेराव बारामतीला जाताना मुद्दाम पेठेतून जायचे.

मग गाडीनं आपले गुण दाखवायला सुरुवात केली. हे नीट ऐक रविराज, यात भूत नाही, निव्वळ अनुभव आहे. पोट जमिनीला टेकलेलं, त्यामुळं पहिल्याच गतिरोधकाला खालचं ऑइलचं भांडं फुटलं. ते पुण्यात मिळेना. मुंबईहून आलं तेव्हा गाडी महिनाभर विटांवर. टायर मिळायचा तो चांगल्या गाईच्या किमतीला. उसाच्या ट्रॉलीमागं हळू चाललं की इंजिन तापायचं. बॅटरी रात्रीतून बसायची. मधूनच वायरिंगला झटका यायचा आणि एखादी काच खाली जाऊन वर यायचं नाव घ्यायची नाही. पुण्याचा मिस्त्री यायचा, चहा प्यायचा, एक तार जोडायचा आणि दुसरी सैल करून जायचा. द्वारकाबाई म्हणायच्या, "म्हस निदान खाऊन दूध तरी देती."

हे सगळं परवडलं असतं. सर्जेरावांना डाचलं ते पेट्रोल. टाकी भरली की दोन दिवसांत अर्धी. बारामतीच्या दोन खेपांना एवढं तेल कसं जाईल? त्यांनी किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवायला सुरुवात केली. रात्री शेडला कुलूप लावताना बघायचे, सकाळी बघायचे. आणि आठवड्यातून एखाद्या सकाळी आकडा पुढं गेलेला असायचा. चांगला शंभराच्या वर.

झालं. पहिली पाळी बिरूची.

"रातचं कुणाला फिरवतोस रं?" सर्जेरावांनी भर चौकात विचारलं.

बिरूला आधी कळेचना. कळल्यावर त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. "आबा, माझ्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू कधी आमच्या वाड्यात आलं न्हाय. मला चोर म्हणू नगा."

पण सर्जेराव म्हणाले. बिरू दुसऱ्या दिवसापासून आला नाही. गाडी मात्र जातच राहिली.

मग त्यांच्या ध्यानात आणखी काही आलं. ज्या सकाळी आकडा पुढं गेलेला असायचा, त्या सकाळी चालवणाराची गादी पार मागं सरकलेली असायची. सर्जेराव बसले की पाय पुढं पोचायचे नाहीत. मिस्त्री म्हणाला, वायरिंगचा दोष. पायाखालचा गालिचा ओला असायचा. मिस्त्री म्हणाला, एसीचं पाणी जायची नळी तुंबलीय. चाकांच्या वर काळा गाळ. त्यावर मिस्त्री काही म्हणाला नाही. पण सर्जेरावांचं डोकं गादीवर अडकलं होतं. गादी मागं कुणाला लागणार? उंच माणसाला. आणि घरात उंच माणूस एकच.

शेडपुढं बाज टाकून झोपून पाहिलं. सकाळी कुलूप जिथल्या तिथं, बाज जिथल्या तिथं, आकडा पुढं. तेव्हा रात्रीच्या दुधात द्वारकाबाईंनी काही घातलं असेल, माय-लेक एक झालेत, असंही त्यांच्या मनात आलं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. सांगताना मान खाली होती.

माघ महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी रणजितला विचारलं, "दुसरी किल्ली इंदापूरनं कवा आणलीस?"

"कसली किल्ली, आबा?"

"रातचा कुठं जातोस? बाईचा नाद हाय का पत्त्याचा?"

पोरगं जेवत होतं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. "आबा, बिरूला बोललात तवा मी गप ऱ्हायलो. माझीच चूक झाली." एवढंच बोलला. त्याच रात्री कपडे पिशवीत घालून गेला. बारामतीला एमआयडीसीत नोकरी धरली. खोली कुठं घेतली ते आईला सांगितलं, बापाला नाही.

द्वारकाबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या आणि उठून जायच्या. एकदाच बोलल्या. "गाडी जपा. पोरगं घालवलंत."

पण तुम्हाला वाटेल रणजित गेल्यावर तरी संशय फिटला असेल. कसला फिटतोय! गाडी तशीच जायची, आणि उन्हाळा चढेल तसा आकडा दर खेपेला थोडा थोडा जास्त दाखवायला लागला. सर्जेरावांनी ठरवून टाकलं की रणजित रात्री बारामतीहून येतो, किल्ली लावतो, गाडी नेतो. हे खोटं निघालं तर ज्या तोंडानं पोराला चोर म्हटलं तेच तोंड घेऊन त्याच्या दारात जावं लागणार होतं. आणि खरं निघालं तर? तर पोरगं सापडणार होतं. मला म्हणाले, "तात्या, चोर म्हणून का हुईना, पण माझं पोरगं मला बघायचं हुतं." संशयी माणसाच्या पोटातही माया असते बाबांनो, फक्त ती चुकीच्या दारानं बाहेर येते.

त्यांनी सापळा लावला. टाकीतलं पेट्रोल नळीनं ओढून काढलं आणि चोराच्या एका बाजूच्या वाटेपुरतंच आत ठेवलं. जाईल, पण परत यायला तेल नाही. आणि स्वतः काळं घोंगडं पांघरून मागच्या गादीच्या पुढं, खाली पाय ठेवतात त्या खोबणीत आडवे झाले. गाडीची किल्ली कोपरीच्या खिशात. शेडला बाहेरून कुलूप लावायला गडी सांगितला होता.

दोन रात्री काही झालं नाही. तिसरी रात्र, मंगळवार, सहा मे सत्त्याण्णव, चैत्री अमावास्या.

उकडत होतं. गोठ्यातल्या म्हशी रवंथ करत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा मधूनमधून वाजायच्या. सर्जेरावांना डुलकी लागली असावी. जाग आली ती घंटा वाजायच्या थांबल्यानं.

सगळ्या म्हशी एकदम गप्प.

मग पुढच्या गादीचं कातडं करकरलं. माणूस टेकला की करकरतं, तसं. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता. कुलपाचाही नाही. बटणाची बारीक घरघर झाली आणि गादी मागं सरकली. सरकत सरकत... सर्जेरावांच्या खांद्याला येऊन टेकली.

इंजिन सुरू झालं. सर्जेरावांनी छातीवरचा खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

त्यांना भीती नाही वाटली. उलट बरं वाटलं. आला, म्हणाले मनात. आला माझा पोरगा. दुसरी किल्ली त्याच्याकडंच निघाली. घोंगड्याच्या फटीतून वर पाहिलं, तर गादीच्या वर डोकं दिसलं. उंच. शेडचं कुलूप कसं निघालं, पत्र्याचं दार कसं सरकलं, हा विचार त्यांना फार पुढं गेल्यावर आला. तोवर गाडी डांबरीला लागली होती.

बारामती आली ती दिव्यांवरून कळली. काचेतून उजेडाचे पट्टे अंगावरून जायचे आणि मागं पडायचे. मग रेल्वेचं फाटक. मग भिगवणचा रस्ता. गाडी अशी चालत होती की काय सांगू. पुण्याच्या मिस्त्रीला सहा-सात महिन्यांत जमलं नव्हतं. इंजिन थंड, खडखड नाही, गचका नाही. ज्या गाडीनं सर्जेरावांना कधी सुखानं दहा मैल नेलं नाही, ती लोण्यासारखी धावत होती.

तिथं पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली. रणजित गाडी चालवताना गुणगुणायचा. हा गप्प होता. रणजितला विडीची तलफ यायची. ह्याला नाही. रणजित खड्डा आला की शिवी हासडायचा. हा... काहीच नाही. भिगवणला सोलापूर रस्त्याला लागले. ट्रक समोरून येऊन जात होते. एका ट्रकचा उजेड आत पडला आणि सर्जेरावांना पुढच्या माणसाचा कान दिसला. कानामागून पाण्याचा ओघळ येत होता.

घोंगडं जड झालं होतं. खाली हात लावला. गालिचा ओला. ओला नाही, भिजलेला. वास गाळाचा. तळं आटल्यावर येतो तो.

गाडी डावीकडं वळली. डांबर संपलं. खडी. मग माती. मग नुसती उतरण... उतरण... उतरण.

इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. तेल संपलं होतं.

सापळा लागला होता.

दिवे चालूच होते. पुढच्या काचेतून समोर पाणी दिसत होतं. आवाज नाही. कुत्रं नाही. पाण्याच्या वर कसलं तरी दगडी टोक निघालेलं. जुन्या देवळाचं असावं.

सर्जेराव उठून मागच्या गादीवर बसले. पुढचं डोकं हललं नाही.

"रणजित..."

...

"रणजित, बाळा. मी हाय. आबा."

...

"घरी चल. मी काय बी इचारणार न्हाय. तुझी आय..."

त्यांनी हात पुढं केला. खांद्यावर ठेवायला.

खांदा नव्हता. हात खाली गेला तो सरळ कातड्यावर. गार. चिंब ओलं.

गादी रिकामी होती.

दार उघडलं नव्हतं. काच खाली गेली नव्हती. सर्जेरावांनी मागच्या दाराची कळ ओढली. उघडेना. दुसरीकडची ओढली. उघडेना. मागच्या दारांना लहान पोरांसाठी अडसर असतो, तो बसलेला. काचेचं बटण दाबलं. काच गप्प. बाहेर पडायचं तर एकच वाट होती. पुढच्या गादीवर उतरायचं आणि तिथून कुलपाची खुंटी वर ओढायची.

पुढच्या गादीवर.

त्या गादीवर.

नाही उतरले. पाय पोटाशी घेऊन बसले. आणि मग बाहेर, गाडीच्या मागं, चिखलात पावलं वाजली. सावकाश. पाण्याकडं जाणारी नाहीत. वर, रस्त्याकडं जाणारी. लांब... लांब... मग तीही नाहीत.

दिवे पिवळे झाले. मग तांबडे. मग विझले.

राम, पाणी दे जरा. हं.

उजाडायच्या आधी मोटरसायकलचा आवाज आला. उतारावरून कुणीतरी हाका मारत येत होतं. "आबा! आबा!" काचेला कपाळ टेकून बघतोय तर रणजित. हातात पाच लिटरचा कॅन. खराखुरा, घामानं डबडबलेला, शिव्या हासडणारा रणजित. दार उघडेना तेव्हा सर्जेरावांनी आतून खूण केली की फोड. ज्या काचेसाठी मुंबईला तीन फेऱ्या झाल्या होत्या, ती पोरानं दगडानं फोडली आणि बापाला बगलेत धरून बाहेर ओढलं. सर्जेराव त्याच्या छातीला डोकं लावून लहान पोरासारखे रडले. उंच पोराचा तेवढा एक फायदा, डोकं बरोबर छातीला लागलं.

"पुढनं का न्हाय आलात बाहेर?" रणजितनं विचारलं.

सर्जेरावांनी गाडीकडं पाठ केली. मग म्हणाले, "तुला कसं कळलं मी हितं हाय?"

"रातचं दार वाजलं. लाईट गेली हुती, तोंड काय दिसलं न्हाय. उंच माणूस हुता. म्हणाला, तुमचे वडील पळसदेवला पाण्यापाशी गाडीत हायेत. तेल संपलंय. घेऊन जा त्यास्नी."

"आन् तू इचारलं न्हाईस कोण म्हणून?"

"कंदील लावून येस्तवर गेला."

सर्जेरावांना खोलीचा पत्ता ठाऊक नव्हता. ठाऊक होता फक्त द्वारकाबाईंना. तरी त्यांच्यातला जुना सर्जेराव अजून जागा होता. त्यांनी मोटरसायकल घरी नाही घेऊ दिली. तशीच इंदापूरला घेतली, सरुबाईंच्या दारात. बाई अंगणात सडा टाकत होत्या. सर्जेरावांच्या कपड्यांवरचा गाळ बघितला आणि हातातली बादली तिथंच ठेवली.

"दुसरी किल्ली कुणाला दिलीत, वहिनी?"

बाई उंबऱ्यावर बसल्या. "दवाखान्यातलं खोटं हुतं, दादा. भूत लागलंय म्हणलं तर गाडी कोण घेणार हुतं? आमचं घर जुन्या पळसदेवातलं. धरणाचं पाणी आलं आन् सगळं खाली गेलं. ह्यांनी मुंबईत पैका केला, पण झोप गेली. इंदापूरला ऱ्हायला आलो तरी निम्मी रात झाली की गाडी काढायचे, पाण्यापाशी जाऊन थांबायचे. समोर आपलं घर हाय म्हणायचे, तितं डोळा लागायचा. पाणी हटंल तशी गाडी फुडं न्यायचे. एक दिस मासेमारांनी सकाळी सांगावा आणला. गाडीत बसल्याजागी गेलं हुतं माणूस. दिवं चालूच."

उन्हाळ्यात आकडा का वाढत होता ते सर्जेरावांना तिथं कळलं. पाणी मागं जाईल तशी वाट लांब होत होती.

"आन् किल्ली?"

"त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हुती. इकलेल्या जनावराचं दावं घरात ठेवत्यात हे मला बी ठावं हाय. पण मला ते घरात नको झालं. रक्षा पाण्यात सोडली तवा ज्याचं त्याला दिऊन टाकलं. सांगणार हुते तुम्हाला. तुमीच मला थांबवलंत."

दावं ज्याच्या हातात, जनावर त्याच्या मागं. एवढी साधी गोष्ट म्हशींच्या धन्याला कळली नव्हती. बाई गाडीचे पैसे परत देते म्हणाल्या, ते त्यांनी घेतले नाहीत. गाडी आहे तिथं राहू द्या, म्हणाले. पावसाळ्यात उजनी धरण भरलं आणि गाडी पाण्याखाली गेली. ओढून काढायला कुणी गेलं नाही.

परत येताना वाट वाकडी करून ते निरवांगीला बिरूच्या घरी गेले. त्याच्या म्हाताऱ्या बापापुढं टोपी काढून म्हणाले, "तुमच्या पोराला मी चोर म्हणालो. मी खोटा." बिरू लगेच नाही आला. आठ दिवस लावले त्यानं, आणि मला विचाराल तर बरं केलं.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. द्वारकाबाईंनी आधी लेकाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, आणि कितीतरी महिन्यांनी बोलल्या. "हातपाय धुवा. भाकरी टाकते." तिघं जेवायला बसले. जेवता जेवता रणजितचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला.

"आबा, एक सांगायचं ऱ्हायलं. त्या माणसानं जाताना हे दिलं हुतं. म्हणाला, पेट्रोलचं. दर खेपेला तुमचंच जाळतोय, आज एवढं तरी घ्या. पंपावर दिली तर पंपवाला म्हणाला ओली हाय, चालायची न्हाय. मग मी माझं दिलं."

शंभराची नोट होती. घडी घातलेली.

सर्जेरावांनी ती हातात घेतली आणि ताटावरून उठले. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "मेलेला माणूस तेलाचं पैसं ठिवून गेला," म्हणाले, "आन् मी जित्या पोराला..." रणजितनं उठून त्यांना परत पाटावर बसवलं.

नोट त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली. त्याला आता दोन उन्हाळे गेले. द्वारकाबाईंनी ती उन्हात घातली, चुलीच्या वैलावर ठेवली, एकदा तर इस्त्रीसुद्धा फिरवली. परवा दिवाळीला मी गेलो होतो. खोटं वाटतं म्हणून मुद्दाम बोट लावून पाहिलं.

अजून ओली आहे.